हिरव्या पाठीची पुस्तकं

पुस्तक कपाटातून काढताना त्याच्या डोक्यात बोट घालून ओढायचं नाही. शेजारची दोन पुस्तकं जरा आत ढकलायची, मधलं आपोआप पुढं येतं, मग त्याला पाठीला धरून उचलायचं. हे मला सोपानकाकांनी शिकवलं, आणि तेही मनगटावर लाकडी पट्टी ठेवून. मारली नाही, नुसती ठेवली. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. पुण्यातल्या दोन जाहिरात कंपन्यांत बसून लोकांना साबण आणि फ्लॅट विकून संगमनेरला परत आले होते, आणि मला पुस्तक धरता येत नाही असं तोवर कोणी म्हटलं नव्हतं.

"वाचनारा पुस्तकाला पाठीला धरतो," ते म्हणाले. "पानं त्याची, पाठ आपली. पाठ गेली की समदं गेलं."

आज काकांना जाऊन दीड वर्ष होईल. अजूनही कुठलंही जुनं पुस्तक हातात आलं की माझा अंगठा त्याच्या पाठीवरून खाली सरकतो आणि आत काही लागतंय का ते चाचपतो. काही लागत नाही. तरी चाचपतो. ही सवय काकांनी लावलेली नाही. ती मला का लागली, तेवढंच सांगायचं आहे.

काका आमच्या वाचनालयाचे बाइंडर. वाचनालय जुनं, पण दहा वर्षांपूर्वी तिथली जुनी पुस्तकं स्कॅन करून संगणकावर चढवायला सुरुवात झाली आणि दारावर 'डिजिटल वाचनालय' अशी पाटी लागली. त्या पाटीला दहा वर्षं होणार म्हणून अध्यक्षांनी मला तीन महिन्यांसाठी बोलावलं. अध्यक्ष माणूस उत्साही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, आणि त्यातलं एकही चालायचं नाही. "मॅडम, दहा वर्षं झाली पण गावाला पत्ता नाही. घराघरात पोचलं पाहिजे," ते म्हणाले. मी पोचवायचं कबूल केलं. रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर एक पोस्ट, आठवड्याला एक रील, स्टँडवर फलक, रिक्षावर भोंगा आणि शेवटी वर्धापनदिनाचा सोहळा. घोषवाक्य माझंच. 'दहा वर्षं झाली, पुस्तकं खिशात आली.' बरं जमलंय असं मला वाटलं होतं. अध्यक्षांना तर ते झोपेतही येत असावं.

सोहळ्याचा मुख्य भाग म्हणजे जुन्या पुस्तकांना निरोप. ती आता संगणकात होती, कपाटं जागा अडवत होती आणि हॉलमध्ये मुलांसाठी नवे संगणक बसवायचे होते. पुस्तकं पुठ्ठ्याच्या कारखान्याला जाणार, टेम्पोला झेंडूच्या माळा, पाहुण्यांच्या हातून नारळ. 'कागदाला निरोप' हे नावही मीच दिलं. त्यातल्या हिरव्या पाठीच्या पुस्तकांमध्ये सोपानकाकांची मुलगी होती, आणि हे तेव्हा त्यांच्याशिवाय कोणालाही माहीत नव्हतं.

काकांची जागा जिन्याखाली. तिथं ताठ उभं राहायचं तर बुटकं असावं लागतं आणि काका होतेही तसेच. पुढ्यात लोखंडी शिकंजा, त्यात दाबून ठेवलेली दोन-तीन पुस्तकं, बाजूला स्टोव्हवर खळीचं पातेलं. मैदा शिजवून खळ करायची आणि त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे कागदाला कसर लागत नाही. त्या खळीचा आंबूस वास वाचनालयात दार उघडल्याबरोबर यायचा. नव्या माणसाला मळमळायचं, जुन्याला वास आला नाही तर चुकल्यासारखं व्हायचं.

दोरा ओवलेली सुई ते टोपीत खोचून ठेवायचे. देवापुढं वाकले की सुईही वाकायची. दसऱ्याला सोनं देऊन गळाभेट घ्यायला मंडळी पुढं यायची ती काकांपाशी आली की लांबूनच हात जोडायची. भाकरी खायची तर पुस्तकांकडं पाठ करून, तेलकट हाताचं पाप नको म्हणून. आणि वेळ मोजायचे ते जुजांमध्ये. जुज म्हणजे घडी घालून एकत्र शिवायची पानांची जुडी. "ताई, चार जुज थांबा, येतोच," असं म्हणाले की समजायचं, चहाचं पाणी ठेवायला हरकत नाही.

पुस्तकं मात्र ते वाचत नसत. वाचता येत नव्हतं असं नाही, सातवी पास होते. पण पुस्तकाचं मोल त्यांच्या लेखी वेगळंच. एखाद्या जाडजूड ग्रंथावर हात ठेवून म्हणायचे, "हे लई मोठं पुस्तक." मी विचारायची, काय आहे त्यात? "आत काय का असंना. दोरा बघा, तीस वर्षांत हाललाय का?" एका लेखकाचं नाव निघालं तेव्हा म्हणाले, "त्यांचा कागद लई हलका." त्या लेखकाबद्दल इतकं नेमकं कोणी बोललेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

कागद ते कानानं तपासायचे. पान नाहीतर पुठ्ठा उचलायचा, कानापाशी न्यायचा, नखानं टिचकी मारायची आणि डोळे मिटून ऐकायचं. वाळलेला कागद खणखणीत बोलतो, दमट कागद नुसता 'थप' म्हणतो. एकदा बेलापूरला एका निवृत्त वकिलांचा संग्रह स्कॅन करायला मिळणार होता म्हणून आम्ही टेम्पो घेऊन गेलो. वकिलांनी पुस्तकं ओसरीवर मांडून ठेवली होती आणि प्रत्येकाची कुळकथा सांगायच्या बेतात ते होते. काका खाली बसले आणि एकेक पुस्तक कानाला लावायला लागले. "हे वल्लं हाय. हे जगंल. हे मेलं." वकिलांना ते सोसेना. म्हणाले, "अहो, पुस्तकं आहेत ती, कलिंगडं नाहीत." काकांनी पुढचं पुस्तक कानाला लावलं आणि म्हणाले, "कलिंगडाचं येवढं ऐकत न्हाई म्या." परतीच्या रस्त्यात मी हसत होते. शेवटी काका म्हणाले, "मेलं म्हनायला नको हुतं. त्येंच्या वडलांचं हुतं ते."

माझ्या मोहिमेचं त्यांना कौतुक होतं की नव्हतं, कळायला मार्ग नव्हता. त्यांच्यावर रील करायची म्हटलं तर चेहरा द्यायला तयार नाहीत. "थोबाड कशाला, हात घ्या." म्हणून हात घेतले. पुस्तक शिवताना सुई जुजातून वर येते, दोरा मेणावरून फिरतो, बोटं गाठ मारतात. सुरेख चाललं होतं. एका ठिकाणी मध्येच कोणाची तरी सावली आली, म्हणून मी म्हटलं, काका, तेवढं उसवून परत शिवा, पुन्हा घेऊ. त्यांनी सुई टोपीत खोचली.

"उसवून परत शिवलं की त्याच कागदाला दुसरी भोकं पडत्यात, ताई. शिवायचं ते एकदाच."

ती रील सावलीसकट गेली. लोकांना ती सावलीच आवडली.

वर्धापनदिनाला पंधरा दिवस होते तेव्हा काका माझ्या टेबलापाशी आले. आपण होऊन ते कधी येत नसत. टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत थोडा वेळ उभे राहिले.

"ती हिरवी कवा जानार?"

हिरवी म्हणजे हिरव्या बक्रमच्या, जाड खळीच्या कापडाच्या, पाठीची पुस्तकं. कधीतरी वाचनालयानं हिरव्या कापडाचं एक ठाण घेतलं होतं, आणि ते संपेपर्यंत जी पुस्तकं बांधली ती सगळी हिरवी झाली. दोन कपाटं भरून होती. सगळी एकदमच जातील, वर्धापनदिनाला, असं मी सांगितलं.

"त्येंची बांधनी लई बेस झाली हुती," ते म्हणाले. "तेवढी मागं राहू द्याल का?"

मला वाटलं, कारागिराला आपल्या हातच्या कामाचा जीव असतो. गोड वाटलं. मी म्हटलं, "बघते काका." आमच्या जाहिरातीच्या धंद्यात 'बघते' म्हणजे नाही. सोपानकाकांच्या लेखी तो दिलेला शब्द. ते मान हलवून गेले आणि त्या दिवशी जिन्याखालून शीळ ऐकू आली. काका शीळ घालतात हे मला तेव्हाच कळलं.

पुढच्या आठवड्यात ते भाचीच्या साखरपुड्याला दोन दिवस काष्टीला गेले. नेमका त्याच शनिवारी कॅमेरावाला मोकळा होता, ऊन छान पडलं होतं, आणि कारखान्याचा टेम्पो गावात पुठ्ठा टाकायला आला होता. माझ्या डोक्यात आलं, सोहळ्याच्या दिवशी गर्दीत नीट चित्रण व्हायचं नाही, पुस्तकांची एक खेप आजच काढू आणि रील आधीच करून ठेवू. कोणती पुस्तकं न्यायची? मी कपाटांवरून नजर फिरवली. हिरव्या पाठी आणि वर केशरी झेंडू. इतकी देखणी चौकट मला पुण्यात सहा वर्षांत मिळाली नव्हती. आणि काकांनीच सांगितलं होतं, हीच बांधणी सगळ्यात उत्तम. मला तर वाटत होतं, मी त्यांचा मानच करते आहे. मी स्वतः उभं राहून दोन्ही कपाटं रिकामी करून घेतली. टेम्पो नाशिक रस्त्याला वळेपर्यंत कॅमेरा चालू होता. ड्रायव्हरनं हात हलवला, तेही घेतलं.

त्याच संध्याकाळी मी एक पोस्ट टाकली. 'पानामागचं पान' नावाची आमची मालिका होती, स्कॅन केलेल्या पुस्तकांत सापडलेल्या गमतीजमती लोकांना दाखवायची. बसची तिकिटं, वाळलेली फुलं, समासात लिहिलेले शेरे. एका पुस्तकाच्या स्कॅनमध्ये शेवटच्या पानानंतर मला वहीच्या कागदाची एक उभी पट्टी सापडली होती. लहान मुलाच्या अक्षरातली गणितं, त्यावर लाल शाईची बरोबरची खूण, आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलनं काढलेली एक शेळी. शेळीला पाय तीनच. मी पोस्ट लिहिली, 'ही तीन पायांची शेळी कोणी काढली? ओळखा आणि आजीव सभासदत्व मिळवा.' तालुकाभर फिरली ती. चौथा पाय वाघानं नेला, पुढाऱ्यानं नेला, एक का दोन, लोकांच्या कल्पनेला बहर आला.

सोमवारी काका आले. रिकाम्या कपाटांसमोर उभे राहिले. मी मोठ्या हौसेनं त्यांना बोलावून रील दाखवली. त्यांनी माझा मोबाईल दोन्ही हातांनी धरला, लांब नेला, आणि ती रील तीनदा बघितली.

"ह्ये खरंच गेलं, का नुसतं फोटोपुरतं?"

"खरंच गेलं काका. शनिवारी. तुमचंच काम आहे म्हणून मुद्दाम तीच घेतली."

"व्हय," ते म्हणाले. "चांगलं झालंय."

आणि जिन्याखाली जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी खळ शिजवली नाही. दुपारी माझ्या लक्षात आलं की वास नाही. थोड्या वेळानं ते परत आले आणि मोबाईलकडं बोट दाखवून म्हणाले, "ताई, ती शेळी तिथून काढता येती का?"

मी म्हटलं, "का हो? लोकांना फार आवडलीय ती."

"न्हाई, सहज इचारलं."

मी ती काढली नाही. उत्तरं येत होती आणि मला ती मोजायला मजा वाटत होती. खोटं कशाला बोलू.

मंगळवारी सकाळी एक बाई पायरीवर चप्पल काढून आत आल्या. हिरवं नऊवारी, हातात कोणाचा तरी मागून आणलेला मोबाईल. त्या काकांच्या बायको, हौसाकाकू. इतक्या वर्षांत त्या वाचनालयाची पायरी चढल्या नव्हत्या. काका जिन्याखालून झटक्यात उठले आणि कधी नव्हे ते त्यांचं डोकं जिन्याला लागलं. काकूंनी त्यांच्याकडं बघितलं नाही. सरळ माझ्याकडं आल्या.

"शेळी कुनी काढली ते सांगायचं हाय."

मी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"मला वाचाया येत न्हाई. शेजारच्या सुनंनं दाखवली. ही आमची लंगडी. तिचा फुडचा पाय गेल्ता मोडून. मनी दर पानावर काढायची तिला. मास्तर वरडायचे."

मनी, म्हणजे मनीषा, त्यांची एकुलती एक मुलगी. वीस वर्षांपूर्वी सातवीत असताना तिला कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली. काकूंनी हे मला तिथं उभ्यानंच सांगितलं, आवाज न चढवता. दहाव्यानंतर तिचे कपडे आणि दप्तर प्रवरेत सोडायचं ठरलं. मुलीचं काही घरात ठेवलं की तिचा जीव घुटमळतो, असं म्हातारी माणसं म्हणाली. काकूंनी आपल्या हातानं ते दप्तर पुलाखाली पाण्यात सोडलं होतं.

"जड हुतं," त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदा काकांकडं वळल्या. "त्यात काय हुतं?"

हॉलमध्ये चार-दोन वाचक होते, त्यांनी वर्तमानपत्रं खाली केली.

"दप्तरात काय भरलं हुतं तुमी?"

"पुठ्ठं," काका म्हणाले. "कातरलेले पुठ्ठं."

"वीस वर्षं म्या पुलावरून जाताना हात जोडती," काकू म्हणाल्या. "पुठ्ठ्याला?"

मी जाहिरातीत राहिलेली बाई, बोलण्यावरच पोट. पण मी नुसता टेबलावरचा मोबाईल पालथा घातला.

मग काका बोलले. इतकं लांब बोलताना मी त्यांना तेवढं एकदाच ऐकलं. पुस्तक शिवून झालं की पाठ आणि वरचं कापड यांच्या मध्ये कागदाची एक पट्टी घालतात, म्हणजे पाठ ताठ राहते. ती पट्टी पुढं कोणालाच दिसत नाही, म्हणून बाइंडर तिथं रद्दी वापरतो. काकांनी मनीच्या वह्या वापरल्या. वहीचं पान उभं फाडलं की दोन पट्ट्या होतात. प्रत्येक हिरव्या पुस्तकात एक. खळ फक्त दोन टोकांना, टिपकाभर, म्हणजे अक्षर खराब व्हायचं नाही. ठाण संपलं त्याच महिन्यात वह्याही संपल्या.

"नदीला दिलं तर गेलंच की गं," ते काकूंना म्हणाले. "घरात ठेवलं तर वाळवी खानार, तू रडनार. हितं कोन ना कोन रोज येतं. पुस्तक काढतं, पाठीला धरतं. कोन तरी रोज तिला हातात धरत हुतं."

काकूंनी त्यांच्याकडं बघितलं. मग रिकाम्या कपाटांकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून, समोरच्या संगणकाला हात लावून म्हणाल्या, "ह्यात हायती न्हवं समदी पुस्तकं? मग मनी पन असंल की. बघा जरा."

ती नव्हती. स्कॅन करायला पुस्तकाची पाठ सोडवावी लागे, आणि ते काम काकांचंच. पुस्तक यंत्राखाली द्यायच्या आधी ते पट्टी काढून टोपीत ठेवायचे आणि पाठ परत चढवताना आत घालायचे. एकदाच, ते तापानं घरी होते तेव्हा, स्कॅनिंगच्या बाईंनी एका पुस्तकाची पाठ स्वतः सोडवली होती. ती एक पट्टी तेवढी संगणकात राहिली. बाकी दोन कपाटं पुस्तकांचं पान न् पान आमच्याकडं जपून ठेवलेलं आहे, आजही कोणीही घरबसल्या उघडून बघावं. मनीच तेवढी नाही.

"भ्यालो म्या," काका म्हणाले. "मशीनमधी गेली तर समदं गाव बघंल म्हनून."

मी कारखान्याला फोन लावला. शनिवारचा माल रविवारीच पाण्याच्या हौदात गेला होता. फोनवरचा माणूस नम्रपणे म्हणाला, मॅडम, हौदात गेल्यावर कुठलं पान कुठलं ते सांगता येत नाही. अध्यक्षांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले आणि खिशातलं पेन काढून उगीच हातात धरलं. त्यांनी झेंडू आणि नारळ रद्द केला. बाकीची पुस्तकं मात्र पुढं टप्प्याटप्प्यानं गेलीच, संगणक तर बसवायचे होते.

मग मी ती पोस्ट काढली आणि तिच्या जागी दुसरी टाकली. हिरव्या पाठीचं पुस्तक कोणाकडं राहिलं असेल तर कृपया परत करा, दंड नाही. कारण सांगितलं नाही. दोन पुस्तकं आली. एक गावातल्याच एका शिक्षकांकडून आणि एक त्या बेलापूरच्या वकिलांकडून. पुस्तक नेल्याला कित्येक वर्षं झाली होती, आणि परत करायला ते म्हातारे गृहस्थ स्वतः बसनं आले.

पाठी उघडल्या त्या दिवशी काकूही होत्या. काकांनी ओल्या फडक्यानं कापड भिजवलं, पातळ सुरी घातली आणि हिरवी पाठ अलगद मोकळी केली. पहिल्या पुस्तकातून मनीचा भागाकार निघाला. कोपऱ्यात शेळी होती, आणि गणितावर लाल फुली. काकूंनी फुलीवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"चुकलंय ते गणित," मी म्हटलं.

"तिला गनित येतच न्हवतं," काकू म्हणाल्या आणि हसल्या. हसताना त्यांनी पदर तोंडाला लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. दुसऱ्या पुस्तकात अर्धवट राहिलेला निबंध होता, गाईवर, आणि वर शेळीच.

आता या पट्ट्यांचं करायचं काय, हा प्रश्न कोणी काढला नाही. काकूंना प्रवरा हवी असेल असं मला वाटलं होतं. काका हातात सुरी धरून थांबले होते, त्यांनाही तेच वाटत असणार. काकूंनी दोन्ही पट्ट्या मांडीवर सारख्या केल्या, नवऱ्याच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "शिवा."

वर्धापनदिन छान झाला, असं सगळे म्हणतात. माझं भाषणात नाव घेतलं. काकांचा शाल देऊन सत्कार झाला, तेव्हा टोपीतली सुई शालीला अडकली आणि लोक हसले. काकाही हसले. ती हिरवी-केशरी रील मी सगळीकडून पुसली, पण लोकांनी ती आधीच एकमेकांना पाठवलेली होती. अजूनही कोणीतरी मला ती पाठवतं. खाली लिहिलेलं असतं, 'किती सुंदर.'

सोहळ्यानंतर काका तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी आले ते सुतळीनं बांधलेले पुठ्ठे घेऊन. कारखान्यात गेले होते. रद्दीचा लगदा करतात आणि त्याचाच पुठ्ठा बनवतात, बाइंडरला हे सांगायला नको. जन्मभर त्याच पुठ्ठ्यावर त्यांनी काम केलेलं. शनिवारच्या मालाचा पुठ्ठा कुठला, ते तिथं कोणी सांगू शकेना. काकांनी तिथल्या थप्पीतले चार निवडले. बसमध्ये कंडक्टरनं ते वर टाकायला सांगितले तर ऐकलं नाही. संगमनेरपर्यंत मांडीवर घेऊन आले.

"ह्यात असेल का हो ती, काका?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"ह्यात न्हाई तर दुसऱ्यात असंल," ते म्हणाले. "मिठाईच्या खोक्यात असंल, वहीच्या पुठ्ठ्यात असंल. आता काय, गावभर झाली ती."

तेव्हापासून माझ्या घरात खोकी साठली आहेत. मिठाईची, बुटांची, औषधांची. मला ती रद्दीत टाकवत नाहीत. नवरा विचारतो, कशाला ठेवतेस. मी म्हणते, असू दे.

माझे तीन महिने संपले त्या दिवशी निरोप घ्यायला मी जिन्याकडं गेले. दुपार होती. मागचं दार उघडं होतं आणि उन्हाचा एक पट्टा जिन्याखाली आला होता. दोन्ही हिरवी पुस्तकं जुने पुठ्ठे उतरवून शिकंज्यापाशी ठेवलेली, त्यांना नवे पुठ्ठे चढायचे होते. काकू पोत्यावर बसून शेंगा फोडत होत्या. त्या आता रोज डबा घेऊन यायच्या आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसायच्या.

काकांनी आणलेल्या चारांतला एक पुठ्ठा उचलला, कानापाशी नेला, नखानं टिचकी मारली आणि डोळे मिटले. मी वरच्या पायरीवर थांबले. त्यांचं ऐकणं संपेना. पुन्हा टिचकी मारली, पुठ्ठा दुसऱ्या कानाला लावला. काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"काय म्हनती?" काकूंनी विचारलं.

काकांनी पुठ्ठा खाली घेतला आणि तळहातानं पुसला.

"वल्ली हाय अजून," ते म्हणाले. "वाळू दे."

काकूंनी पोतं जरा मागं सारलं आणि पुठ्ठ्याला उन्हात जागा करून दिली.